आम्ही चेहरा बघायलाच जात होतो

सिनेमा कशासाठी बघता, असं कुणी विचारलं की मी सरळ सांगते, हिरो देखणा असतो म्हणून. विचारणारा शिकलेला असला तर कसनुसा हसतो. त्याला वाटतं, बाई थट्टा करतायत. मग तो कथा, संवाद, छायाचित्रण असले शब्द माझ्या तोंडात घालायला बघतो. मी घालू देत नाही. मध्यंतरी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तपासताना डॉक्टर म्हणाले, "आजी, नजर कशाला पाहिजे? वाचायला की टीव्हीला?" मी म्हटलं, "देखणी माणसं बघायला." ते पोरगं कानापर्यंत लाल झालं. मी नाही लाजले. माझ्या वाटणीचं लाजून केव्हाच संपलंय.

माझं माहेर नांदेडचं. वडील विष्णुपुरीला धरणाच्या कामावर होते, आणि ज्या गावाजवळ एवढं मोठं धरण होतंय तिथली मुलगी म्हणजे भारीच पुढारलेली, असं मला वाटायचं. कॉलेजात असताना आम्ही मैत्रिणी पिक्चरला जायचो, पण सोबत कुणाचा तरी भाऊ लागायचा. तो कडेच्या खुर्चीवर पोलिसासारखा बसायचा. मागची पोरं आमच्याकडं बघायची, भाऊ त्या पोरांकडं बघायचा आणि आम्ही पडद्याकडं बघत असूनही बघत नाही असं दाखवायचो. देखणा माणूस समोर आला की तोंड दगडासारखं ठेवायचं, हे मला सोळाव्या वर्षीच जमायला लागलं होतं. खरा अभिनय तेव्हा पडद्यावर कमी आणि खुर्च्यांत जास्त चालायचा.

लग्न जमवताना दोन ठिकाणांहून मला नकार आला. रंग जरा दबलेला, एवढंच कारण. तिसरं स्थळ लातूरचं, मुलगा कॉलेजात मराठी शिकवणारा. त्यानं आधी एक फोटो मागवला, मग दुसऱ्या बाजूनं काढलेला आणखी एक मागवला, आणि मग होकार कळवला. हे मी मनात नीट घडी घालून ठेवलं. दिसायला हे बरे होते. बरे म्हणजे बरेच, त्यापुढं माझं काही म्हणणं नाही.

मी लातूरला आले तेव्हा लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. त्याआधी एवढ्याशा दाखल्यासाठी उस्मानाबादची एसटी धरावी लागायची, त्यामुळं नवा जिल्हा म्हणजे घरोघरी कार्य असल्यासारखा आनंद होता. रंगारी शिड्या घेऊन फिरायचे, पाट्यांवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव खरवडून नवं लिहायचे. रोज कुठला तरी नवा साहेब बिऱ्हाड घेऊन उतरायचा. फक्त पाणी नव्हतं. पावसानं लागोपाठ दगा दिलेला. नळ आठवड्यातून एकदा खाकरायचा आणि गप्प बसायचा. टँकर यायचा, पण त्याची वेळ ड्रायव्हरलासुद्धा माहीत नसायची. बायका सकाळीच गल्लीच्या तोंडाशी आपापले हंडे रांगेत लावून ठेवायच्या आणि कामाला लागायच्या. हंडा उभा म्हणजे बाई उभी, असा हिशेब. भोंगा वाजला की हातातलं टाकून पळायचं.

सासऱ्यांना मी मामा म्हणायचे आणि सासूबाईंना आत्याबाई, आमच्याकडची रीतच तशी. मामांचं गोलाईच्या बाजारात भांड्यांचं दुकान होतं. गावावर दुष्काळ आणि दुकानात दिवाळी. घागरी, हंडे, पिंपं हातोहात जायची. मामा तसे भले, पण घरात त्यांचा दरारा होता. ते आले की रेडिओ बारीक व्हायचा. आत्याबाई त्यांच्यापुढं ताट ठेवायच्या, पाणी ठेवायच्या, आणि बोलायचं झालं तर भिंतीशी बोलल्यासारखं बोलायच्या. कपाळाला भस्म, सोमवारचा उपवास, डोक्यावरचा पदर कधी बोटभरही ढळलेला नाही. अशा बाईपुढं आपलं कसं होणार म्हणून मी पहिले पंधरा दिवस धसकाच घेतला होता.

मग एका दुपारी त्या म्हणाल्या, "चल गं, जरा बाहीर जाऊन येऊ."

मला वाटलं, देवळात. त्या मला टाकीजच्या मागच्या बोळात घेऊन गेल्या. तिथं एक बुटकं दार, दारात तंबाखू मळत बसलेली एक म्हातारी. आत गेलो तर हॉलचा मागचा एक कोपरा छातीएवढ्या भिंतीनं वेगळा केलेला, भिंतीवर लोखंडी दांडी आणि दांडीला कड्या लावलेला जाडजूड मरून पडदा. हा जनाना. निजामाच्या काळापासूनची रीत, बायकांनी इथंच बसायचं. खुंट्यांवर बुरखे टांगलेले, बाकांवर पोरंबाळं, कुणी शेंगा सोलतंय, कुणी लसूण. मला हसू आलं. नांदेडला धरण होतंय आणि इथं अजून पडदा!

"मामांना माहीत आहे?" मी विचारलं.

"पिच्चरला येते ते म्हाईत हाय," आत्याबाई म्हणाल्या. "कशापायी येते ते म्हाईत न्हाई."

दिवे गेले. दारातली म्हातारी आली आणि तिनं सर्रकन पडदा बाजूला सारला. आता पुढच्या पुरुषांना मागं वळून काही दिसणार नव्हतं, आणि आम्हाला सगळं दिसत होतं. थोड्या वेळानं पडद्यावर तो आला. नाव कशाला सांगू? कपाळावर केस, तिरकं हसणं आणि बोलायच्या आधी मान किंचित कलती करायची सवय. माझ्या सासूबाई, उदगीरच्या थोरामोठ्यांची लेक, बाकावर पुढं सरकल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "यव्वा!"

मग सगळ्या जनान्याला कंठ फुटला.

"आज दाढी करून आलाय."

"निळा सदरा लई खुलतोय त्याला."

"आगं, तिच्याकडं काय बघायलास, हिकडं बघ की!"

हे शेवटचं आत्याबाईंचं. हिरोनं ऐकलं नाही, तो हिरॉइनकडंच बघत राहिला, तर आत्याबाईंनी चक्क मांडीवर थाप मारली. मी थक्क होऊन त्यांच्याकडं बघत होते. मग मीही पडद्याकडं बघितलं. तोंड दगडासारखं ठेवायची सवय मोडायला मला अर्धा पिक्चर लागला. मध्यंतराआधी म्हातारीनं पुन्हा पडदा ओढला, दिवे लागले, आणि सगळ्या बायका पदर सावरून देवळात बसल्यासारख्या बसल्या.

त्या बोळातून घरी येताना मला पटलं की आपण उगाच हसलो. तो पडदा ज्यानं कुणी लावला असेल त्याच्या डोक्यात एवढंच होतं की बायका पुरुषांना दिसू नयेत. ज्या बाईकडं कुणी बघत नाही तिला स्वतःला पोटभर बघता येतं, हे त्या शहाण्याच्या ध्यानातच आलं नाही. जन्मल्यापासून आम्हाला बघितलं जात होतं. नाक बघितलं, रंग बघितला, चालून दाखव म्हटलं, वेणी सोडून दाखव म्हटलं. आठवड्यातून तीन तास आम्ही बघत होतो. यात कुणाला आशय दिसत नसेल तर त्याच्या चष्म्याचा नंबर तपासायला हवा.

आशय हा यांचा शब्द. यांचं आणि कॉलेजातल्या चार सरांचं एक चित्रपट मंडळ होतं, आणि नवे साहेबही त्यात यायला लागले होते. आम्ही कुठला पिक्चर बघून आलो हे कळलं की यांच्या कपाळाला आठी पडायची.

"त्याला अभिनय येतो का? मान वाकडी करतो, झालं."

"छान वाकडी करतो."

"सिनेमा आशयासाठी बघावा. चेहरा बघून काय मिळतं?"

"तुम्हाला काय मिळालं?" मी म्हटलं. "माझे दोन फोटो मागवले होते तुम्ही. एक समोरून, एक बाजूनं. मागच्या बाजूला आशय लिहिला होता का?"

स्वयंपाकघरातून पेला पडल्याचा आवाज आला. आत्याबाई तोंडात पदर कोंबून हसत होत्या. हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

त्याच उन्हाळ्यात मंडळानं कलेक्टर कचेरीजवळच्या मैदानात एक सिनेमा फुकट दाखवला. दुष्काळावरचा, म्हणे फार नावाजलेला. लोक मोप जमले. मी आणि आत्याबाई गल्लीतल्या बायकांबरोबर बसलो होतो. पडद्यावर भेगाळलेली जमीन, आणि त्या भेगांवरून डोक्यावर घागर घेऊन चाललेली नटी. लुगडं फाटकं, पण काय रूप! लांब मान, पाणीदार डोळे, पायाला एक भेग नाही. पुरुषमंडळी श्वास रोखून बघत होती. बायकांत मात्र कुजबुज सुरू झाली.

"हिच्या डोक्यावर चुंबळ न्हाई."

"घागर रिकामी हाय गं, मान बग की कशी डुलायली."

"कातडी तर लोण्यावानी. कोणच्या टँकरचं पानी पिती ही?"

घरी आल्यावर हे आरामखुर्चीत टेकले. मग म्हणाले, "काय दाहक वास्तव आहे. आणि तिचे डोळे! सगळं डोळ्यांतून बोलते ती." मी म्हटलं, "ती कुरूप असती तर इतकं दाहक वाटलं असतं का?" हे म्हणाले, तुला कळणार नाही. मला चांगलं कळलं होतं. आमच्या गल्लीत रोज वीस बायका डोक्यावर घागरी घेऊन चालत होत्या, त्यांच्या डोळ्यांत काय आहे ते यांनी एकदाही बघितलं नव्हतं. पुरुषांनी देखणी बाई बघितली तर ते वास्तव, आम्ही देखणा पुरुष बघितला तर तो चाळा. मला भांडण त्यांच्या बघण्याशी नव्हतंच. बघा की खुशाल, मीही बघत होते आणि ती खरंच सुंदर होती. बघता तर बघतो म्हणा, एवढंच माझं म्हणणं होतं.

त्या खेळाला मिळालेल्या यशानं मंडळाला जोर चढला. एके दिवशी हे घरी पेढे घेऊन आले. टाकीजच्या मालकाला मंडळानं निवेदन दिलं होतं, साहेबांच्या सह्या होत्या आणि मजकूर यांच्या सुंदर अक्षरात होता. निजामाच्या काळातला जनाना ही मागासलेपणाची खूण आहे, नव्या जिल्ह्याच्या ठिकाणी ती शोभत नाही, स्त्री-पुरुषांनी शेजारी शेजारी बसून कलेचा आस्वाद घ्यावा. मालकाला तेच हवं होतं. साहेबांच्या कुटुंबांसाठी त्याला चांगल्या खुर्च्या टाकायच्या होत्या. भिंत पाडायचं ठरलं.

"आता तुम्हाला कोंडवाड्यात बसायला नको," हे म्हणाले. मनापासून म्हणाले, हेच वाईट. आत्याबाईंनी पेढा घेतला, देवापुढं ठेवला आणि आत निघून गेल्या.

भिंत गेली, दांडी गेली, पडदा गेला. पहिल्याच आठवड्यात त्याचा नवा पिक्चर लागला आणि यांनी सगळ्या घराची तिकिटं काढली. पुढारलेलं कुटुंब कसं बसतं ते गावाला दाखवायचं होतं बहुतेक. मामा, त्यांच्या शेजारी आत्याबाई, मग हे, मग मी. दिवे गेले. तो आला, केस कपाळावर, मान कलती. मी वाकून आत्याबाईंकडं बघितलं. त्यांनी पदर पुढं ओढून घेतला होता आणि त्या स्वतःच्या पावलांकडं बघत होत्या. तीन तास त्या पावलांकडं बघत होत्या. मामा मध्येच घोरायला लागले, तेव्हाही त्यांनी मान वर केली नाही. मला इतका राग आला की गाण्याच्या वेळी मी उठून बाहेर गेले आणि पाण्याच्या रिकाम्या टाकीपाशी उभी राहून रडले.

त्यानंतर आत्याबाई टाकीजला गेल्या नाहीत. "गुडघं दुखायलेत," म्हणायच्या. गुरुवार, आमचा पिक्चरचा वार, आला की दुपारी उगाच डाळी निवडत बसायच्या, निवडलेल्या पुन्हा निवडायच्या. सूपभर तुरीवर त्यांचे हात फिरायचे आणि नजर कुठेच नसायची. महिना झाला, दुसरा लागला. शेवटी मी त्यांच्यासमोर बसले आणि सूप बाजूला ओढलं.

"आत्याबाई, खरं काय ते सांगा."

त्यांनी सुपाबाहेर सांडलेले चार दाणे वेचले. मग म्हणाल्या, "लगीन झालं तवा मी चौदाची. सासू म्हणली, नवऱ्यापुढं मान वर करायची न्हाई. मग केलीच न्हाई. ह्यांच्या चपलंचा आवाज वळखते मी, खाकरणं वळखते. हात लई बघितलेत, ताट वाढताना हातच दिसतेत. तोंडाकडं बघायची सवयच लागली न्हाई." त्यांनी सूप पुन्हा जवळ ओढलं. "बाप्याचं तोंड असं निवांत, डोळं भरून, म्या पैल्यांदा बघितलं ते त्या पडद्यावर. तो काय मला 'मान खाली घाल' म्हणीत न्हाई. आता ह्यांच्या बाजूला बसून त्याच्याकडं कसं बघू? तूच सांग."

मला एवढंच वाटलं की त्या निवेदनाच्या कागदाचा बोळा करून कुणाच्या तरी घशात घालावा. आणि तो कुणीतरी माझ्याच घरात आरामखुर्चीत वाचत बसला होता.

त्या रात्री मी यांना सगळं सांगितलं नाही. आत्याबाईंचं ते आत्याबाईंचं होतं. दुसऱ्या दिवशी मी एकटी टाकीजवर गेले, मागच्या बोळातून नाही, पुढच्या दारानं. मालक पान लावत बसले होते. मी म्हटलं, आम्हाला आमची वेगळी जागा परत हवी. ते म्हणाले, "वहिनी, भिंत तुमच्या सरांनीच पाडायला लावली, आता कुठून आणू?"

"भिंत नको. बुधवारी बाराचा खेळ फक्त बायकांसाठी ठेवा. अख्खा हॉल."

ते हसले. दुष्काळात दुपारच्या खेळाला असंही कुणी फिरकत नव्हतं. "ठीक हाय. एक बुधवार. अर्धा हॉल भरला तर दर बुधवारी ठेवतो. न्हाई भरला तर पुन्हा या गोष्टीचं नाव काढायचं न्हाई."

मी टँकरच्या रांगेत प्रचार केला. त्याच्याइतकी चांगली जागा अख्ख्या जिल्ह्यात नव्हती. हंड्याशेजारी हंडा, बाईशेजारी बाई. दवाखान्यातल्या सिस्टर आल्या, शाळेतल्या बाई आल्या, जनान्यात बुरखा टांगणाऱ्या दोघी जावा शेजारच्या गल्लीतल्या बायकांना घेऊन येते म्हणाल्या. एकीनं विचारलं, "पिच्चर चांगला हाय का?" मी म्हटलं, "पिक्चरचं माहीत नाही, तो चांगला आहे." तिला तेवढं पुरलं. हे कानावर आल्यावर आमचे सर म्हणाले, "तू गावभर आमचं हसं करणार." मी म्हटलं, करणार.

बुधवार उजाडला. साडेअकराला आम्ही निघालो. आत्याबाई तयार झाल्या होत्या, पण पाय ओढत होत्या. गल्लीतून पाचपंचवीस बायका आमच्याबरोबर निघाल्या, आणि गल्लीच्या तोंडाशी पोचलो तोच भोंगा वाजला. टँकर!

सगळ्या जागच्या जागी थांबल्या. चार दिवसांनी पाणी आलं होतं. रांगेत प्रत्येकीचा हंडा उभा होता, आणि हंड्यामागं बाई नसली की मागची बाई हंडा पायानं सारून पुढं जाते, हे सगळ्यांना माहीत होतं. दोघी-तिघी मुकाट्यानं मागं फिरल्या. आणखी चार फिरल्या. पाणी सोडून चला असं कुठल्या तोंडानं म्हणणार होते मी? आत्याबाईही वळल्या. मला वाटलं, संपलं.

त्या घराकडं गेल्या खऱ्या, पण हंड्यापाशी थांबल्या नाहीत. मामा जेवायला दुकानातून आलेले, ओट्यावर वारा घेत बसले होते. आत्याबाईंनी कोपऱ्यातली मोठी घागर उचलली, ओट्यापाशी गेल्या, आणि घागरीकडंच बघत म्हणाल्या, "हे घ्या. रांगंत आपला हंडा पाचवा हाय. मी पिच्चरला चालले."

मामांनी जन्मभर हंडे विकले होते. भरलेला एकही उचलला नव्हता. त्यांनी घागर हातात घेतली ती बहुधा गिऱ्हाईकाला दाखवायची सवय म्हणून. काही बोलायच्या आत आत्याबाई वळून गल्लीत आल्याही होत्या.

"आपापल्या घरच्या बाप्याला रांगंत हुभं करा आन् चला!" त्या ओरडल्या. माझ्या सासूबाई, भर दुपारी, भर गल्लीत. "पानी काय आपुन एकल्याच पितो का?"

कुणी नवऱ्याला झोपेतून उठवलं, कुणी दिराला बोलावलं, एकीनं तर घरमालकालाच उभं केलं. ज्यांच्या घरी कुणी नव्हतं त्या थांबल्या, त्यांना कुणी काही बोललं नाही. जाताना मी मागं वळून बघितलं. रांगेत मामा होते, त्यांच्यामागं पंधरावीस पुरुष घागरी धरून अवघडून उभे होते, आणि सगळ्यात शेवटी, हातात प्लास्टिकची बादली घेऊन, मराठीचे प्राध्यापक. रांग कशी लावतात तेही त्यांना माहीत नव्हतं, टँकरकडं पाठ करून उभे होते.

अर्धा हॉल भरला, कसाबसा. मालकानं दारातून नजर टाकली आणि मान डोलावली. पिक्चर टुकार होता, हे मी कबूल करते. गोष्टीला बूड ना शेंडा, संवाद असे की यांनी ऐकले असते तर ताप आला असता. आत्याबाई हॉलच्या अगदी मध्यावर बसल्या. आडोसा नाही, पडदा नाही. सुरुवातीला त्यांची नजर पावलांकडंच होती. मग तो आला, मान कलती करून हसला, आणि मागून त्या दोघी जावांपैकी एकीनं बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली की छपरावरची कबुतरं उडाली. सगळा हॉल हसला. आत्याबाईंनी मान वर केली. पुढचे तीन तास ती खाली गेली नाही.

चार वाजता घरी आलो. पिंप काठोकाठ भरलेलं होतं. मामा ओट्यावर पाय सोडून बसले होते, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं, सदऱ्याला चिखल, टोपी बाजूला काढून ठेवलेली. आज काही तरी होणार म्हणून मी दाराआड उभी राहिले. आत्याबाईंनी चहा केला, नेला, मामांपुढं ठेवला. रोजच्यासारख्या वळल्या मात्र नाहीत. तिथंच उभ्या राहिल्या आणि त्यांच्या तोंडाकडं बघायला लागल्या. आधी थोडं, मग सरळ.

मामा गडबडले. "काय बघायलीस?"

"तुमच्याकडं."

"आन् ते कशापायी?"

"तुमच्या डाव्या भुवईत तीळ हाय," आत्याबाई म्हणाल्या.

"जल्मापासून हाय."

"मला आज दिसला."

लग्नाला त्यांच्या तेव्हा अडतीस वर्षं झाली होती. मामांनी भुवईला हात लावून बघितला, आणि मान खाली घातली. आत्याबाई हलल्या नाहीत. चहा निवेपर्यंत तशाच बघत उभ्या होत्या.